जाहिरातवाल्यांकडेही हिशोबाची पट्टी मागा : आंबा बागायतदार संघाला खुले पत्र

मा. अध्यक्ष, संचालक मंडळ आणि सर्व सभासद बंधू-भगिनी,
आपल्या तालुक्याचा आंबा बागायतदार संघ

सप्रेम नमस्कार.

परवा संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला. नोव्हेंबरात ऑनलाइन मार्केटिंगचं मोफत मार्गदर्शन शिबिर आहे, चहा-नाश्ता आणि जेवणाची सोय आहे, सर्वांनी वेळेवर यावं. निरोप वाचला आणि हातातलं काम तसंच टाकून लिहायला बसले. कारण असाच निरोप २०२३ च्या ऑक्टोबरातही आला होता, आणि मी वेळेवर गेले होते.

त्या शिबिराला हॉल भरला होता. व्यासपीठावर संघाचा फलक होता, फलकाखाली एका ऑनलाइन मार्केटिंग कंपनीचं नाव होतं. अध्यक्षसाहेब, तुम्ही स्वतः पाहुण्यांची ओळख करून दिलीत आणि म्हणालात, "आता आपल्या आंब्याला जगाचा बाजार मिळणार." मग कंपनीचा मुलगा बोलायला उभा राहिला. चांगला बोलला, खोटं कशाला सांगू. "वाशीच्या दलालाला किती वर्षं पोसणार? तुमचं गिऱ्हाईक थेट तुमच्या मोबाइलवर आणतो," असं तो म्हणाला तेव्हा सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. जेवणाची ताटं हातात यायच्या आत सह्यांना रांग लागली होती. माझ्या माहितीप्रमाणे त्या दिवशी आपल्या अकरा सभासदांनी पॅकेज घेतलं. त्यातली मी एक.

कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. मला इथे कुणाची बदनामी करायची नाही, आणि प्रश्न एका कंपनीचा नाहीही. यंदाची कंपनी वेगळी आहे, पण निरोपातली वाक्यं तीच आहेत : 'गूगलवर पहिल्या पानाची हमी', 'रोज शंभर ग्राहक', 'एकदाच गुंतवणूक'. पुन्हा तसंच घडू नये म्हणून माझा हिशोब मी सगळ्यांसमोर मांडते.

माझं पॅकेज वर्षाला ७२,००० रुपयांचं होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८४,९६०. निम्मे, ४२,४८०, त्याच दिवशी दिले. उरलेले ७,०८० रुपयांच्या सहा हप्त्यांत, यूपीआयच्या ऑटोपेने, जानेवारीपासून दर महिन्याच्या १० तारखेला आपोआप जाणार होते. माझी कलमं ऐंशी. औषधं, फवारणीची मजुरी, राखणीला गडी, खोके, गवत, सगळा खर्च मोहोराच्या आधीच सुरू होतो हे तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी दिलेले बेचाळीस हजार तुडतुड्याच्या आणि थ्रिप्सच्या फवारण्यांसाठी बाजूला काढलेले होते.

आता मुख्य गोष्ट सांगते. आपण दलालाला कितीही नावं ठेवली तरी वाशीच्या बाजारातून विक्रीच्या हिशोबाची पट्टी येते. पट्टीवर लिहिलेलं असतं : पेट्या किती पोचल्या, कुठल्या मालाला काय भाव लागला, गाडीभाडं किती, हमाली किती, तोलाई किती, आणि शेवटी हातात काय. भाव पडलेला असेल, पट्टी वाचून डोळ्यांत पाणी येत असेल, पण भांडायला तरी हातात कागद असतो. माझ्या सासऱ्यांनी त्यांच्या काळातल्या सगळ्या पट्ट्या तारेला ओवून ठेवल्या होत्या, माझ्या फाइलमध्ये आहेत. कुठल्या वर्षी कुणी किती कापले, ते आजही सांगता येतं.

त्या कंपनीकडून मला महिन्याला चौदा पानांचा रंगीत रिपोर्ट यायचा. आलेख, वर जाणारे बाण, लाख-लाखाचे आकडे. इंप्रेशन इतके, रीच इतका, एंगेजमेंट इतकी. मी चष्मा लावून चौदाही पानं वाचायची आणि पेट्या शोधायची. पेट्या कुठेच नसायच्या. इंप्रेशन म्हणजे जाहिरात किती वेळा पडद्यावर आली तेवढंच, बघणाऱ्याने अंगठ्याने वर सरकवली तरी ते मोजलं जातं, आणि एकाच माणसाला पाच वेळा दिसली तर पाच मोजली जातात, हे मला नंतर कळलं. रीच म्हणजे किती निरनिराळ्या लोकांना दिसली. दोन्ही आकडे खोटे नव्हते. पण माझ्या किती पेट्या विकल्या गेल्या आणि माझ्या पैशातले किती रुपये खरोखर जाहिरातीवर खर्च झाले, या दोन गोष्टी सोडून बाकी सगळं त्या रिपोर्टात होतं.

पहिला धक्का जानेवारीत बसला. आमच्या बागेच्या नावाच्या पानावर कंपनीने एक रील टाकला. त्यात टोपलीभर आंबे होते, आणि ते आंबे लालभडक गालांचे, गुळगुळीत, सगळे एका मापाचे होते. इंटरनेटवर कुठेही मिळणारा परदेशी आंब्याचा फोटो. आपला हापूस झाडावरून उतरवतो तेव्हा हिरवा असतो, आढीत गवताखाली आठ-दहा दिवस मुरला की केशरी-पिवळा होतो, हे कोकणातल्या पोरालाही कळतं. दादरच्या एक बाई माझ्याकडून बारा वर्षं आंबा घेतात. त्यांचा फोन आला : "ताई, यंदापासून बाहेरचा आंबा भरायला लागलात की काय?" मला उत्तर सुचेना. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं. कशासाठी मिळवलं ते? कर्नाटकाचा आंबा आपल्या नावाने विकला जातो म्हणून आपणच ओरड करत होतो ना? आणि इथे माझ्याच पैशाने, माझ्याच नावाच्या पानावर, दुसऱ्याच आंब्याचा फोटो. मी फोन करून तो काढायला लावला. काढायला अकरा दिवस लागले.

फेब्रुवारीत गूगलवरच्या आमच्या पानाला एका आठवड्यात अडतीस पाच-तारे परीक्षणं आली. मला आधी आनंद झाला. मग सूनबाईने वाचून दाखवली. एकात लिहिलं होतं, 'रूम्स स्वच्छ आहेत, स्टाफ मदत करणारा आहे.' आम्ही खोल्याच भाड्याने देत नाही. पैसे देऊन लिहून घेतलेली परीक्षणं गूगलच्या नियमात बसत नाहीत. महिन्याभरात आमचं पानच बंद पडलं, आणि त्याबरोबर माझ्या खऱ्या गिऱ्हाइकांनी मनापासून लिहिलेली सतरा परीक्षणंही दिसेनाशी झाली. ते पान परत मिळवायला पुढे चार महिने गेले.

एप्रिल उजाडला. बागेत आंबे उतरवायचा झेला फिरत होता, आढीत पहिला माल पिकत होता आणि फोन शांत होता. १२ एप्रिलला माझा भाचा पुण्याहून आला. त्याने मला एक गोष्ट दाखवली, ती तुम्हा सगळ्यांना ठाऊक व्हायला हवी. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मेटा कंपनीची 'अ‍ॅड लायब्ररी' म्हणून एक जागा इंटरनेटवर आहे. ती कुणालाही फुकट उघडता येते. त्यात कुठल्याही पानाचं नाव टाकलं की त्या घटकेला त्या पानाच्या कुठल्या जाहिराती चालू आहेत ते दिसतं. गूगलनेही २०२३ पासून जाहिरातींसाठी अशीच सोय ठेवली आहे. भाच्याने आमच्या बागेचं नाव टाकलं. एकही जाहिरात चालू नव्हती. ऐन सीझनमध्ये, चार महिने पैसे घेऊन, एकही नाही. तो पडदा मी किती वेळ बघत राहिले ते मलाच आठवत नाही. पडवीत आंबे निवडणाऱ्या बायका विचारत होत्या, "ताई, काय झालं?"

मी कंपनीला फोन केला. ज्याने सही घेतली होती तो सोडून गेला होता. नवीन मुलगी म्हणाली, "मॅडम, सिस्टिम अजून शिकतेय." आंबा शिकत बसत नाही हो. तो पिकतो, आणि दोन दिवस जास्त राहिला तर उतरतो.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात जाहिरात सुरू झाली, ती हिंदीत, आणि अख्ख्या भारतात. ६ मे रोजी मला एक्सेलची एक यादी आली : ४१२ नावं आणि फोन नंबर. 'लीड्स' म्हणतात त्याला. सूनबाई आणि मी तीन संध्याकाळी फोन करत बसलो. रायपूर, पाटणा, गुवाहाटी. एक माणूस फार सभ्यपणे म्हणाला, "आम का फोटो अच्छा लगा, इसलिए दबा दिया, बहनजी." आपली पेटी रात्रीच्या गाडीने मुंबई-ठाणे-पुण्याला जाते. गुवाहाटीला पिकत आलेला हापूस मी कशी पोचवू? यामागचं गणितही भाच्याने समजावलं. या जाहिरातींची जागा लिलावाने विकली जाते. जिथे जाहिरातदारांची चढाओढ कमी, तिथे दर कमी. मे महिन्यात मुंबई-पुण्यात आंब्याच्या जाहिरातींची गर्दी उसळलेली असते, तिथे एकेक नाव महाग पडतं. यादी फुगवून दाखवायची असेल तर जाहिरात देशभर सोडली की काम होतं.

९ मे रोजी बँकेचा संदेश आला की उद्या ७,०८० रुपये कापले जातील. आपोआप जाणाऱ्या हप्त्याची सूचना चोवीस तास आधी देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो त्या दिवशी माझ्या उपयोगी पडला. भाच्याने फोनवरून सांगितलं, यूपीआय अ‍ॅपमध्ये 'ऑटोपे' उघड, कंपनीचं नाव शोध, रद्द कर. दोन मिनिटांत झालं. तोवर माझे ७०,८०० रुपये गेले होते.

बदल्यात काय आलं? वेबसाइटवरून नऊ पेट्यांची मागणी. त्यातली सहा माझीच जुनी गिऱ्हाइकं, मी पाठवलेल्या लिंकवरून फॉर्म भरणारी. रिपोर्टात मात्र नऊच्या नऊ कंपनीच्या खात्यावर. जाहिरातीवर खरा खर्च किती केला, हे मी तीनदा लेखी विचारलं. जूनमध्ये एका ओळीचं उत्तर आलं : ८,३०० रुपये. जीएसटी वगळता माझ्याकडून साठ हजार घेतले आणि त्यातले ८,३०० जाहिरातीला लावले. वाशीच्या कुठल्याही गाळ्यावर असं कुणी कापलं असतं तर आपण संघाचा मोर्चा नेला असता.

सगळ्यात जास्त जिवाला लागलं ते खोक्यांचं. डिसेंबरात कंपनीने वेबसाइट बनवली तेव्हा मी हौसेने एक डझनाचे पाचशे खोके छापून घेतले, वर आमच्या बागेचं नाव आणि खाली वेबसाइटचा पत्ता. मे महिन्यात मी पैसे थांबवले आणि सीझननंतर वेबसाइट बंद झाली. भाच्याने तपासलं तर तो पत्ता माझ्या नावावर नव्हताच, कंपनीने स्वतःच्या नावावर घेतला होता. परत हवा तर पंधरा हजार द्या म्हणाले. असा पत्ता स्वतः घेतला तर वर्षाला साधारण हजाराच्या आसपास पडतो, कधी त्याहूनही कमी. माझे तीनशे दहा खोके शिल्लक होते. गेल्या फेब्रुवारीत यजमान आणि मी पडवीत बसून प्रत्येक खोक्यावरच्या पत्त्यावर पांढरी चिकटपट्टी लावली आणि त्यावर पेनाने फोन नंबर लिहिला. तीनशे दहा वेळा. यजमान एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, सही तू केलीस, वाचायचं होतंस. खरं आहे. करार इंग्रजीत होता, नऊ पानांचा. व्यासपीठावरून 'हमी' हा शब्द मी स्वतः ऐकला होता, आणि सहाव्या पानावर लिहिलं होतं की कंपनी कुठल्याही निकालाची हमी देत नाही. तेव्हा वाचलं नाही, ही माझी चूक. पण अध्यक्षसाहेब, मी त्या कंपनीला ओळखत नव्हते, मी तुम्हाला ओळखत होते. रस्त्यावर कुणी भेटून हेच बोललं असतं तर मी पाच हजारही काढले नसते. मी सही केली ती संघाचा फलक बघून. त्या जेवणाचा आणि फलकाचा खर्च कंपनीने केला होता, हेही नंतर कळलं. तो आधी सांगायला हवा होता.

'पहिल्या पानाची हमी' या शब्दांबद्दल थोडं सांगते, कारण यंदाच्या निरोपातही ते आहेत. शोधात पहिला क्रमांक मिळवून देण्याची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गूगल स्वतःच जाहीरपणे सांगतं. गूगलला जाहिरातीचे पैसे दिले तर सगळ्यात वर 'प्रायोजित' असं लिहून जागा मिळते, पैसे थांबले की जागा जाते. खालच्या साध्या निकालांचा क्रम पैसे देऊन वर सरकत नाही. मग शिबिरात तो मुलगा आपली बाग पहिल्या क्रमांकावर कशी दाखवत होता? त्याने शोधात बागेचं पूर्ण नाव आणि वाडीचं नाव टाकलं होतं. त्या नावाची जगात दुसरी बाग नाही, मग पहिली कोण येणार? पुण्यातलं गिऱ्हाईक आपल्या वाडीचं नाव टाकत नाही, 'हापूस आंबा घरपोच' असं टाकतं. शिबिरात कुणीतरी हात वर करून तेवढंच टाकून दाखवायला सांगितलं असतं तरी पुरलं असतं. आणि 'आम्ही गूगलचे पार्टनर' म्हणणारा माणूस गूगलचा नोकर नसतो. गूगलच्या नकाशावर आपली बाग नोंदवायला एक रुपया लागत नाही, कुणी मागितला तर देऊ नका.

हे वाचून ऑनलाइन विक्रीच वाईट असा अर्थ कुणी काढू नये. २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वाशीची वाट अवघड झाली, तेव्हा सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपनेच आपल्यातल्या कित्येकांचा सीझन वाचवला. थेट विक्री हेच पुढचं आहे, हे माझंही मत आहे. चांगलं काम करणारी मुलंही आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणची एक मुलगी आहे, ती बागेत येऊन दिवसभर फोटो आणि व्हिडिओ काढते, तेवढ्या कामाचे तेवढे पैसे घेते आणि सगळ्या फाइल आपल्या हातात देऊन जाते. ती कसलीच हमी देत नाही.

यंदा मी भाच्याच्या मदतीने स्वतःच्या नावाचं जाहिरात खातं उघडलं. माझ्या फोनवर, माझ्या कार्डावर. कोथरूड आणि ठाण्याचा काही भाग, एवढीच हद्द ठेवली. मराठीत दोन ओळी, आमच्या आढीचा आमच्याच फोनवर काढलेला व्हिडिओ, आणि दाबलं की सरळ माझं व्हॉट्सअ‍ॅप उघडायचं. जीएसटी धरून खर्च झाला ७,०८० रुपये, म्हणजे बरोबर त्यांचा एक हप्ता. त्यातून एकेचाळीस नवी घरं जोडली गेली. यंदा पीक कमी होतं, आणि २०२५ च्या २५ मेलाच मान्सून कोकणात उतरला, शेवटचा माल मिळेल त्या भावाने कॅनिंगला द्यावा लागला, हे आपण सगळ्यांनी भोगलं. तरी सांगते, सगळ्यात जास्त विक्री झाली ती माझ्या वहीतल्या दोनशे तीस जुन्या गिऱ्हाइकांना. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोचतो. म्हणून आता प्रत्येक खोक्यात चिठ्ठी टाकते : 'हा नंबर सेव्ह करा, पुढच्या वर्षी पहिला आंबा उतरला की कळवीन.' त्या चिठ्ठीला साठ पैसे पडतात.

ज्यांचे पैसे अडकलेत त्यांच्यासाठी कायद्याचंही लिहिते, कारण 'आपण धंदेवाले, आपल्याला ग्राहक कोर्ट नाही' असं आपल्यातले बरेचजण धरून बसलेत. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा धंद्यासाठी घेतलेल्या सेवेला वगळतो हे खरं. पण त्याच व्याख्येत पुढे लिहिलंय की स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी वस्तू घेतली असेल तर तो माणूस ग्राहकच. तिथे सेवेचा वेगळा उल्लेख नाही, म्हणून आधी वकिलांना विचारा. बियाण्याच्या प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याला ग्राहक मानलेलं आहे. ऐंशी कलमांवर घर चालवणारी मीही ग्राहक ठरू शकते, असं मला तालुक्याच्या वकिलांनी सांगितलं. पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीच्या शहरात हेलपाटे नकोत. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे २०२४ च्या सीझनवाल्यांची बहुतेकांची मुदत २०२६ मध्ये संपते. तक्रार ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघा. आणि एकाच प्रकारची तक्रार असलेले अनेकजण आयोगाच्या परवानगीने मिळून एकच तक्रार करू शकतात. अकरा जण वेगवेगळे गेलो तर कंपनी एकेकाला थकवेल. एकत्र गेलो तर तसं होणार नाही.

माझं संघाकडे मागणं एवढं आहे. नोव्हेंबरचं शिबिर रद्द करा असं मी म्हणत नाही. शिबिर घ्या, पण त्या दिवशी हॉलमध्ये एकही सही होऊ देऊ नका, एकही रुपया घेऊ देऊ नका. माणसाला घरी जाऊन दोन रात्री झोपू द्या. कंपनी संघाला काय देतेय, जेवण असो वा फलक, ते सुरुवातीलाच माइकवरून सांगा. करार मराठीत असावा, आणि व्यासपीठावर बोललेली प्रत्येक हमी त्यात लिहिलेली असावी. लिहायला तयार नसतील तर ती बोलूही देऊ नका. वेबसाइटचा पत्ता, फेसबुकचं पान, गूगलची नोंद, जाहिरातीचं खातं, सगळं बागायतदाराच्या नावाने आणि त्याच्याच ईमेलवर उघडलं जावं, कंपनीला फक्त काम करण्यापुरती परवानगी द्यावी. ती परवानगी नंतर काढून घेता येते, तशी सोय या सगळ्या ठिकाणी आहे. पैसे वर्षाचे एकदम नकोत, महिन्याचे, आणि तेही काम झाल्यावर. आपल्या धंद्याला वर्ष नसतंच, दहा-बारा आठवड्यांचा सीझन असतो, मग बारा महिन्यांचं पॅकेज कशासाठी?

आणि दर महिन्याला पट्टी. एका कागदावर, मराठीत : किती रुपये घेतले, त्यातले किती गूगल-मेटाला जाहिरातीपोटी दिले आणि त्याची पावती, किती स्वतःची मजुरी, कुठल्या शहरात जाहिरात दाखवली, किती जणांनी विचारलं, किती पेट्या गेल्या, त्यात नवं गिऱ्हाईक किती. या पट्टीचा नमुना मी आणि भाच्याने तयार केला आहे. संघाने तो आपल्या लेटरहेडवर छापावा आणि जो कुणी आपल्या सभासदांकडे मार्केटिंगचं काम मागायला येईल त्याच्या हातात आधी हा कागद द्यावा. जो भरायला तयार होईल त्याच्याशी पुढे बोलू.

शिवाय एक सुचवते, पटलं तर बघा. आपल्यातले वीस जण मिळून गावातल्याच एखाद्या शिकलेल्या मुला-मुलीला फेब्रुवारी ते मे पगारावर ठेवू शकतो. फोटो, जाहिरात, यादी, फोन, सगळं एका जागी. माझ्या सत्तर हजारांत तिचे चार महिने निघाले असते, आणि ती मुलगी मुंबईला न जाता इथेच राहिली असती.

सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, अशी विनंती करणारा अर्ज या पत्रासोबत संघाच्या कार्यालयात देत आहे. २०२३ साली ज्यांनी माझ्यासारखंच पॅकेज घेतलं, त्या दहाजणांनी आपापले करार आणि बँकेचे उतारे घेऊन सभेला यावं. लाज वाटते म्हणून गप्प बसलेले त्यात आहेत हे मला ठाऊक आहे, मीही दीड वर्ष गप्पच होते. सासऱ्यांच्या पट्ट्यांची फाइल, तो चौदा पानी रिपोर्ट आणि चिकटपट्टी लावलेला एक खोका मी घेऊन येते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
संघाची एक सभासद